पाया आणि मुलामा : मेकअपचा बेस कसा बसतो, कसा टिकतो

या मालेत याआधी मी दोनदा बोलले, दोन्ही वेळा ज्ञान आणि भ्रम याच विषयावर. आज 'मेकअपचा बेस' असा विषय पाहून काहींनी आयोजकांना फोन केला म्हणे, की बाईंची तब्येत बरी आहे ना? (हशा) तब्येत ठणठणीत आहे. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा याही विषयाकडे त्याच सवयीनं बघणार आहे. आधी शब्दांचा अर्थ, मग कारण, मग कृती. आणि शेवटी, ही कृती आपण कशासाठी करतो, हा प्रश्न.

हा विषय माझ्याकडे आला तो नातीमुळे. २०२३ च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं, चिपळूणला. लग्नाच्या महिनाभर आधी एका पार्लरमध्ये 'ट्रायल' होती. मी सोबत गेले. दीड तास काम चाललं. उठली तेव्हा दिव्याखाली चेहरा गुळगुळीत दिसत होता, फोटोही छान आले. मग आम्ही जेवायला गेलो. दुपारी दोनच्या सुमारास मी तिच्याकडे बघितलं. नाकाच्या कडेला रंग फुटला होता, कपाळावर तेलकट चट्टे आले होते, हनुवटीखाली स्पष्ट रेघ दिसत होती. वर एक मुलगी, मानेखाली दुसरी. आणि सगळ्या चेहऱ्यावर राख धरल्यासारखी एक कळा. तिनं पर्समधला आरसा काढला, बघितलं, आणि म्हणाली, "आजी, ही मी नाहीये गं."

आता हे वाक्य तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे कुणी टाकलं, तर तो गप्प कसा बसेल? पुढचा महिनाभर मी वाचत होते. रसायनशास्त्र शिकवलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारत होते, आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या रंगभूषाकारांना गाठत होते. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

शब्द आधी नीट करून घेऊ

लोकांना बेस कसा हवा असतो? निर्दोष आणि टिकाऊ. 'निर्दोष' म्हणजे काय? जाहिरातीतला अर्थ असा, की डाग नाही, छिद्र नाही, लव नाही. अशी त्वचा जिवंत माणसाला नसते, प्लास्टिकच्या बाहुलीला असते. दोष हा नेहमी कुणाला तरी, कुठून तरी, कोणत्या तरी उजेडात दिसत असतो. म्हणून मी कामापुरती व्याख्या करते. हातभर अंतरावरून, दिवसाच्या उजेडात, 'काहीतरी लावलंय' हे लक्षात येत नाही, तो निर्दोष बेस.

'टिकाऊ'चंही तसंच. टिकाऊ म्हणजे दगडासारखा घट्ट नव्हे. चेहरा हसतो, रडतो, घामेजतो. त्याच्याबरोबर जो हलतो, आणि झिजलाच तर सगळीकडे सारखा झिजतो, पोपडे काढत नाही, तो टिकाऊ.

आणि इथेच खरी अडचण आहे. डाग झाकायचे म्हणून थर जाड केला, की तो लवकर फुटतो. फुटू नये म्हणून पातळ लावला, तर डाग दिसतात. ज्यांनी शेणानं जमीन सारवलेली बघितली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एकदम जाड हात फिरवला की वाळल्यावर पोपडे निघतात. पातळ हात, तो वाळू द्यायचा, मग वाटलं तर दुसरा. बेसचं अर्धं शास्त्र या सारवणात आहे.

जाड थराची किंमत

ही अडचण फार जुनी आहे. शेकडो वर्षं माणसानं तिच्यावर एकच उपाय केला, तो म्हणजे शिसं. शिशापासून केलेला पांढरा सफेदा उत्तम झाकतो, गुळगुळीत बसतो, चिकटून राहतो. युरोपातल्या सरदार घराण्यांतल्या बायकांनी तो लावला, जपानमधल्या काबुकी नटांनी लावला. काबुकीची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी मेणासारखं घट्ट तेल चेहऱ्यावर चोळायचं, मग त्यावर पाण्यात कालवलेला पांढरा रंग ब्रशनं लावायचा. तेलाच्या पायामुळे रंग धरून राहतो. आज ज्याला आपण 'प्रायमर' म्हणतो, त्याचीच ही जुनी आवृत्ती.

पण शिसं अंगात भिनतं. १८८७ साली जपानच्या मेजी सम्राटासमोर काबुकीचा प्रयोग झाला, तेव्हा नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला. ती शिशाची विषबाधा होती. त्यानंतर जपानमध्ये बिनशिशाच्या रंगाची मागणी वाढली, तरी शिशाचा रंग पूर्ण थांबायला १९३० चं दशक उजाडलं. का? कारण तो चांगला बसायचा! विष आहे हे कळल्यावरही माणसं तो लावत राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युरोपात लुडविग लाइशनर नावाच्या एका ऑपेरा गायकानं १८७३ साली बर्लिनमध्ये बिनशिशाच्या रंगकांड्यांचा कारखाना काढला. रोज रंग लावणारा माणूसच तो, त्याला गरज कळली होती. मग सिनेमा आला, कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला, आणि कांडीचा जाड, चकाकणारा थर उघडा पडला. मॅक्स फॅक्टरच्या कंपनीनं रंगीत चित्रपटांसाठी 'पॅन-केक' काढला. वडीसारखा दाबलेला रंग, ओल्या स्पंजनं घ्यायचा, पातळ पसरायचा, सुकला की मॅट दिसतो. १९३८ मध्ये तो सर्वसामान्यांसाठी बाजारात आला. आपल्याकडच्या स्टुडिओंत आणि नाटकाच्या रंगपटातही 'पॅनकेक' हा शब्द असा रुळला, की लोक मेकअपलाच पॅनकेक म्हणू लागले.

म्हणजे इतिहासाची दिशा काय? जाडाकडून पातळाकडे. झाकण्याकडून मिसळण्याकडे.

ज्यावर लावायचं ते काय आहे?

भिंतीला रंग देणारा माणूस आधी भिंतीवर हात फिरवतो. ओल आहे का, जुने पोपडे आहेत का, ते बघतो. आपण चेहऱ्यावर हात न फिरवताच बाटली उघडतो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. तो सतत झडतो आणि खालून नवा येतो. तरुण वयात या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. म्हणजे बेस ज्याला धरून बसणार, तो पायाच सुटत असतो. दुसरं, तेल. कपाळ, नाक आणि हनुवटी इथे तैलग्रंथी जास्त. हे तेल खालून येतं आणि वरचा रंग सैल करतं. तिसरं, घाम. कोकणातल्या मे महिन्यात तो वाळतही नाही, कारण हवेतच दमटपणा. आणि चौथं, हालचाल. हसल्यावर जिथे घडी पडते, तिथेच रंग जमतो.

नातीच्या चेहऱ्याचं कोडं इथे निम्मं सुटलं. नाकाच्या कडेला सुकी सालं होती, ती तशीच ठेवून वर रंग लावला होता, म्हणून तो सालांसकट सुटला. कपाळावर तेल होतं, ते न टिपता वरून पावडर दाबली होती, म्हणून चट्टे पडले. आता राहिली ती राखाडी कळा.

रंग कुठून येतो?

नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणात अंगरचनेचा विचार आहे. मूळ रंग चार सांगितले आहेत : पांढरा, निळा, पिवळा, तांबडा. बाकीचे मिश्रणातून करायचे. आज फाउंडेशनच्या बाटलीत बघा, मुख्य रंगद्रव्यं चारच असतात. पांढरं म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. पिवळं, तांबडं आणि काळं ही तिन्ही लोहाची ऑक्साइडं, सोप्या भाषेत शुद्ध केलेला गंजच. या चौघांच्या कमीजास्त प्रमाणातून सगळ्या छटा होतात. ही द्रव्यं पाण्यात, तेलात किंवा सिलिकोनमध्ये कालवलेली असतात. 'लाँग वेअर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत बहुधा असं सिलिकोन असतं, जे लावल्यावर उडून जातं, आणि मागे रंग धरून ठेवणारा लवचीक पापुद्रा राहतो.

आता सावळ्या चेहऱ्यावर त्याच्यापेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन लावलं, तर काय होतं? त्यात पांढरं जास्त आणि पिवळं-तांबडं कमी असतं. खालचा गडद रंग त्या पांढऱ्यातून डोकावतो. गडदावर पातळ पांढरं म्हणजे राखाडी. पाटीवर ओल्या बोटानं खडू पुसलात तर काय दिसतं, तेच. नातीच्या चेहऱ्यावरची राख ती हीच. पार्लरमधल्या मुलीचा हात वाईट नव्हता. तिनं छटाच चुकीची घेतली होती, आणि ती चुकून घेतली नव्हती. त्याकडे मी येते.

त्याआधी एक न्यायशास्त्रातली गोष्ट. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यात एक 'कपिश', म्हणजे तपकिरी. आपण बहुतेक सगळे या कपिशाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे आहोत. आणि सातवा प्रकार 'चित्र', म्हणजे एकाच वस्तूवर अनेक रंग. चेहरा नीट बघा, तो 'चित्र' आहे. ओठांभोवती गडद, डोळ्यांखाली निळसर, गालावर तांबूस, कपाळ गालापेक्षा सावळं. सगळ्यावर एकच रंग सारखा फासला, की चेहरा सपाट होतो, मुखवटा होतो. म्हणून जिथे गरज आहे तिथेच रंग, बाकी ठिकाणी आपली त्वचा दिसू द्यावी.

आता कृती

लग्नाच्या दिवशी आम्ही काय केलं, ते क्रमानं सांगते. वहीत उतरवून घ्यायचं तर घ्या.

आदल्या आठवड्यात नवं काहीही नाही. नवं फेशियल नाही, नवी क्रीम नाही. जे लावायचं ते आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं, खाज-पुरळ येत नाही ना.

छटा निवडायची ती जबड्याच्या कडेला, मानेशी ताडून, खिडकीच्या उजेडात. मनगटावर नाही. लावून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, कारण काही फाउंडेशनं हवा आणि तेल लागल्यावर गडद होतात. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट, हळद! हळदीचा पिवळेपणा चेहऱ्यावर एक-दोन दिवस राहतो. ट्रायल हळदीच्या आधी, लग्न हळदीनंतर. मग जुळवलेली छटा जुळत नाही. आम्ही हळद लावणाऱ्या मावश्या-आत्यांना सांगितलं, की चेहऱ्याला फक्त बोट लावा, हात-पाय हवे तेवढे रंगवा. थोडी कुरकुर झाली, पण ऐकलं.

सकाळी चेहरा साध्या फेसवॉशनं धुवायचा, मऊ फडक्यानं टिपायचा. हलकं मॉइश्चरायझर लावायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. हे थांबणं कुणी करत नाही, आणि बेस हलतो तो मुख्यतः यामुळे. ओलसर क्रीमवर फाउंडेशन घसरतं. प्रायमर लावायचा तर फक्त नाक, कपाळ, हनुवटी. प्रायमर आणि फाउंडेशन एका जातीचं असावं. एक पाण्याचं आणि दुसरं सिलिकोनचं असलं, तर चोळताना पुष्कळदा मळाच्या वळ्या निघाव्यात तसं होतं.

डोळ्यांखालचा निळसर-काळा भाग झाकायला आधी नारिंगी छटेचा करेक्टर, अगदी थेंबभर. निळ्यावर नारिंगी आलं की दोघं एकमेकांना मारतात. तिथे थेट उजळ कन्सीलर लावलात की पुन्हा राख.

मग फाउंडेशन. स्पंज भिजवून घट्ट पिळून घ्यायचा. चेहऱ्याच्या मध्यापासून बाहेर, थापत थापत. घासायचं नाही, ओढायचं नाही. आमचे रंगभूषाकार म्हणाले, "बाई, रंग लावायचा नसतो, बसवायचा असतो." पहिला थर इतका पातळ, की लावलाय की नाही अशी शंका यावी. दोन-तीन मिनिटं थांबायचं. जिथे डाग अजून दिसतो तिथेच दुसरा. कान आणि मान विसरायची नाही.

त्यानंतर टिश्यू चेहऱ्यावर अलगद दाबून जास्तीचं तेल काढायचं, मगच पावडर. पावडर तेल शोषते, म्हणून ती तेलकट भागावर दाबायची. डोळ्यांखाली आणि हसण्याच्या घडीत जवळजवळ नाहीच. शेवटी सेटिंग स्प्रे, हातभर अंतरावरून. त्यातलं पाणी-अल्कोहोल उडून जातं आणि एक सूक्ष्म पापुद्रा राहतो. तो वाळेपर्यंत बोलायचं नाही. नवरीला हे सगळ्यात अवघड गेलं. (हशा)

दिवसभरात दुरुस्तीचा नियम एकच : आधी टिपा, मग लावा. घामावर पावडर म्हणजे चिखल. मुंडावळ्यांचे मोत्यांचे सर गालावर घासतात, नथीनं ओठाच्या वर घासतं, होमाच्या धुरानं डोळ्यांतून पाणी येतं. करवलीकडे टिश्यू, छोटा स्पंज आणि थोडंसं फाउंडेशन एवढं दिलं होतं. पावडरची डबी मुद्दाम दिली नाही.

आणि रात्री कितीही दमलात तरी उतरवायचं. आधी तेल किंवा क्लिन्झिंग बाम, कारण पाण्याला न दबणारा रंग तेलानंच सुटतो. मग फेसवॉश.

छटा चुकीची का घेतली?

आता त्या प्रश्नाकडे. ट्रायलच्या दिवशी मी त्या मुलीला विचारलं, "अगं, हिच्या मानेचा रंग बघितलास ना?" ती म्हणाली, "काकू, बघितला. पण नवरी आहे ना, एक-दोन शेड उजळच करतो आम्ही. सगळ्यांचे घरचे तसंच सांगतात."

यावर मी काही बोलू शकले नाही. कारण मला १९७४ साल आठवलं. मी तेव्हा एम.ए.ला होते. पाहुणे बघायला येणार होते. मी सावळी. आईनं मला खिडकीशी बसवलं आणि चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पावडर लावली. एकदा, दोनदा, तीनदा. उन्हाळ्याचे दिवस होते. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा कानशिलावरून घामाचा ओघळ आला, आणि त्या पांढऱ्यावर एक सावळी रेघ उमटली. समोरच्या बाईंनी ती बघितली. आईनंही बघितली. कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून आजवर मी पावडरचा डबा घरात आणलेला नाही. आईवर माझा राग नाही. तिला जे खरं वाटलं ते तिनं केलं. ती माझा चेहरा नाही, माझं भविष्य झाकत होती.

त्याच दशकात, १९७५ साली, गोरं करण्याचं आश्वासन देणारी ती प्रसिद्ध क्रीम आपल्या बाजारात आली. तिच्या नावातलं 'फेअर' जायला २०२० साल उजाडलं. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटीनं एकदम चाळीस छटांचं फाउंडेशन आणलं, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. बातमी का व्हावी? माणसाच्या कातडीच्या इतक्या छटा असतात, हे काय तेव्हा कळलं?

शिशाच्या सफेद्याची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं. विष आहे हे कळूनही माणसं तो लावत राहिली. आज बाटलीत शिसं नाही. पण दोन छटा उजळ करण्याची सवय आहेच, आणि तीही मुरते. गंमत बघा, इथे सौंदर्यशास्त्र, रसायनशास्त्र आणि नीतिशास्त्र तिघंही एकाच उत्तरावर येतात. स्वतःच्या रंगाचा बेस सगळ्यात चांगला दिसतो. झिजला तरी खालून तोच रंग येतो, म्हणून तोच सगळ्यात जास्त टिकतो. आणि आरशात आपणच दिसतो. दुसऱ्याच्या रंगाचा बेस हा पाया नव्हे, मुलामा आहे. मुलामा उडाला की तांबं दिसतं, आणि मग तांब्यालाच कमीपणा येतो. त्याचा काय दोष?

लग्नाच्या सकाळी छटा निवडताना घरातलं कुणीतरी म्हणालंच, "थोडी उजळ घ्या हो." माझ्या तोंडावर उत्तर होतं, पण नातीनं मला हातानं थांबवलं. म्हणाली, "माझीच घ्या. संध्याकाळपर्यंत पुरायला हवी."

पुरली. रात्री साडेनऊला पाठवणीच्या वेळी ती रडली, मी रडले. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, आणि मी सवयीनं रेघ शोधली. रेघ नव्हती.

एका श्रोत्याचा प्रश्न : मेकअप म्हणजे मुळातच खोटेपणा नाही का?

छान प्रश्न आहे. दोरीला साप म्हणणं हा भ्रम. पण दोरी नीट गुंडाळून खुंटीला टांगली, तर ती दोरीच राहते ना? बघणाऱ्याला जे नाही ते आहे असं वाटावं म्हणून केलेलं खोटं. जे आहे ते नीट दिसावं म्हणून केलेलं, ते प्रसाधन. फरक कळत नसेल तर सोपी कसोटी सांगते. घाम येऊ द्या.